हे कुणाला लागतंय?

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा इस्लामपूरहून फोन आला. तिच्या मुलीला स्थळ आलं होतं. मुलगा मिरजेचा, घर चांगलं, माणसं बरी, सगळं जमण्यासारखं. हे सांगून झाल्यावर तिनं आवाज खाली आणला. "तू त्या हॉस्पिटलात एवढी वर्षं हायस. मुलाचं नाव आन् जन्मतारीख पाठवते. जरा कॉम्प्युटरात बघ की, काय दुखणं-बिखणं हाय का."

मी नाही म्हटलं. ती रागावली. "एवढं तर कुणीबी करतंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

ती खोटं बोलत नव्हती. आमच्या भागात चौकशी केल्याशिवाय लग्न ठरत नाही. पूर्वी ती मुलाच्या गावातल्या किराणा दुकानात नाहीतर शाळेतल्या मास्तरांकडे व्हायची. आता ती दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडे होते. नर्स, लॅबमधला मुलगा, बिलाच्या खिडकीवरची बाई, कुणीतरी नात्यातलं निघतंच. फोन ठेवला आणि मला खरात आठवले. ते असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बहिणीला एवढंच विचारलं असतं, "हे कुणाला लागतंय? आणि कशाला?"

संपत खरात आमच्या हॉस्पिटलात माहिती सुरक्षा अधिकारी होते. हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. मोठी इमारत सांगलीत, लहान शाखा साताऱ्यात, आणि दोन्हीकडच्या रुग्णांच्या फायली एकाच संगणक यंत्रणेत. मी तिथं प्रशासन बघते. एकदा तपासणीला आलेल्या समितीनं विचारलं, "रुग्णांच्या माहितीची जबाबदारी कुणाची?" विश्वस्तांनी डीनकडे पाहिलं, डीननी माझ्याकडे, मी खरातांकडे. त्यांच्या पलीकडे खुर्ची नव्हती. तेव्हा ते संगणक विभागाचे प्रमुख होते. त्या दिवसापासून ते सुरक्षा अधिकारीही झाले. पगार तोच राहिला, दारावर एक पाटी वाढली.

अंगानं उंच, खांद्यात जरा वाकलेले. चेहरा कायम नुकत्याच एस.टी.तून उतरलेल्या माणसासारखा. दर गुरुवारी ते साताऱ्याच्या शाखेत जात, त्यामुळे निम्म्या वेळा ते खरोखरच एस.टी.तून उतरलेले असत. मूळचे माण तालुक्यातले. वडील मुंबईला माथाडी कामगार. खरात साताऱ्यात शिकले, काही वर्षं पुण्याच्या कंपनीत होते, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आले आणि राहिले. ऑफिसात ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. दमले की त्यांच्या बोलण्यात माण उतरायचा. ते 'आहे'चं 'हाय' करू लागले की समजायचं, आता थट्टा संपली.

'हे कुणाला लागतंय?' हा त्यांचा प्रश्न सगळ्या हॉस्पिटलला पाठ होता. केसपेपरचा जुना नमुना त्यांच्याकडे आला तेव्हा त्यावर रुग्णाची जात होती, वडिलांचा व्यवसाय होता, घरातल्या कमावत्या माणसांची संख्या होती. खरात एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारत गेले. हे कुणाला लागतंय? कुणालाच सांगता येईना. पूर्वीपासून आहे, एवढंच उत्तर. नमुना निम्मा झाला. एक विश्वस्त नाराज झाले. खरात त्यांना म्हणाले, "जे आपण घेतलंच नाही, साहेब, ते चोरीला जात नाही."

वॉर्डातून फिरताना उघडे राहिलेले पडदे ते स्वतः बंद करत. सिस्टर मंडळी लांबूनच इशारा द्यायची, "आले बघा खरात सर, झाका गं झाका!" संगणकांना लावलेले पेनड्राइव्ह ते काढून घेत आणि पेढ्याच्या एका रिकाम्या खोक्यात टाकत. ज्याचा असेल त्यानं येऊन मागायचा आणि मागताना आत काय आहे ते सांगायचं. एकाच्या पेनड्राइव्हमध्ये साडूच्या मुलाचं जावळ, बैलगाडा शर्यत आणि डायलिसिसच्या रुग्णांची यादी एकत्र नांदत होती. खरातांनी त्याला समोर बसवलं. "शर्यत घरी ने. जावळ घरी ने. माणसं इथं ठेव."

चहा ते नेहमी अर्धाच पीत. तो सोडून उठण्यासारखं काहीतरी रोज घडायचं. त्यांचे अर्धे कप कुठल्याही टेबलावर सापडत आणि आमचा शिपाई त्यावरून सर कुठून कुठे गेले ते सांगायचा.

पासवर्ड ओळखणं हा त्यांचा एकमेव खेळ. नवीन डॉक्टर रुजू झाले की ते सहज गप्पा मारत. "गाव कुठलं, डॉक्टर?" "म्हसवडजवळ." "असं का." मग खिशातल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहून चिठ्ठी डॉक्टरांपुढे सरकवत. डॉक्टरांचा चेहरा पडायचा. सिद्धनाथ आणि पुढे एक-दोन-तीन. आडनाव, गाव आणि कुलदैवत कळलं की या पट्ट्यातले निम्मे पासवर्ड कळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. राहिलेल्या निम्म्यांत बुलेटचे नंबर. "देवाला राखणीला बसवू नका, डॉक्टर. त्याला बाकीची कामं आहेत."

त्या सुमारास लग्नपत्रिकांचं प्रकरण सुरू झालं होतं. मोबाइलवर पत्रिका यायची, उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जायचा आणि तीच पत्रिका त्या फोनमधल्या सगळ्यांना पोचायची. आमच्या मेट्रन बाईंचा फोन तसा गेला. तेव्हा खरातांनी सगळ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हॉस्पिटलच्या ईमेलवर त्यांनी एक खोटी पत्रिका पाठवली. 'आमचे येथील शुभविवाहास सहकुटुंब यावे', खाली रविवारचा मुहूर्त आणि सांगलीतल्याच एका मंगल कार्यालयाचं नाव. वधूवरांची नावं बनवलेली. पत्रिका उघडली की लालभडक पान यायचं आणि त्यावर लिहिलेलं असायचं, 'ही पत्रिका खोटी आहे. तुम्ही अनोळखी माणसानं पाठवलेली फाईल उघडलीत.'

उघडली नाही असा माणूस शोधावा लागला. बैठकीत खरातांनी मेट्रन बाईंना विचारलं, "तुम्ही तर एकदा पोळला होतात. मग पुन्हा?"

"आवं सर," बाई म्हणाल्या, "पत्रिका आली आन् उघडली न्हाई, तर त्यांचा मान काय ऱ्हाईला?"

"पण कुणाची ते माहीत नव्हतं ना?"

"म्हणूनच उघडली की. कुणाची ते कळाय नको?"

खरातांनी ते वहीत लिहून घेतलं. पण खरी गंमत सोमवारी झाली. आमचे ज्येष्ठ सर्जन, वय झालेलं, चष्मा कायम गाडीत विसरणारे, खरातांच्या खोलीत आले. "खरात, काल तुमच्या त्या लग्नाला जाऊन आलो."

"कुठल्या लग्नाला?"

"अहो, तुम्हीच पाठवलेली पत्रिका, असं आत्ता ऑफिसात कळलं. लाल रंगाची. फार सुंदर होती." ईमेलातली अक्षरं मोठी होती, पण चष्मा नसल्यामुळे लाल पानावरचा बारीक मजकूर त्यांनी वाचलाच नव्हता. रविवारी त्या कार्यालयात दुसरंच एक लग्न होतं. लग्नसराई होती, असणारच. डॉक्टरांनी अक्षता टाकल्या, जिलेबी खाल्ली, आहेराचं पाकीट दिलं, नवरानवरीबरोबर फोटोही काढला. "नवरीचं नाव पाटीवर वेगळं दिसलं, पण म्हटलं घरचं नाव असेल. मुलगी गोड आहे हो."

खरातांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे आले. "मॅडम, या जिल्ह्यात मी पत्रिकेशी लढू शकत नाही. पत्रिकेला घेऊनच काहीतरी करावं लागेल." आणि त्यांनी नवा नियम काढला. पत्रिका आली की उघडण्याआधी घरच्यांना फोन करून अभिनंदन करायचं. लग्न खरं असेल तर त्यांना बरं वाटेल, खोटं असेल तर तिथंच कळेल. हा नियम मात्र लोकांनी पाळला. मान राहत होता ना.

असं त्यांचं चालायचं. हसून घ्यायचे, पण त्या हसण्याच्या खाली थकवा असायचा. एकदा म्हणाले, "माझं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही तर लोक विचारतात, हा माणूस करतो काय?" तक्रार नव्हती ती. हवा कशी आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

घडायचं ते बाळू शेडगेच्या नावावर घडलं.

बाळू आमच्या रेकॉर्ड विभागातला कारकून. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. सगळ्यांचा लाडका. आपला पासवर्ड त्यानं सगळ्या विभागाला सांगून ठेवला होता. गोठ्यातल्या बैलाचं नाव होतं ते. कुणाचं काम अडू नये, एवढाच हेतू. तो गेल्यावर खरात त्याचं खातं बंद करायला गेले, तर विभागाच्या शोभाताई आडव्या आल्या. "सर, राहू द्या की थोडे दिवस. सकाळी मशीन लावलं की त्याचं नाव दिसतंय. बरं वाटतंय बघा. वर्षश्राद्ध तर होऊ द्या." शोभाताईंचे डोळे भरलेले. बाकीचेही बघत उभे. खरात परत फिरले. मग रोजची कामं आली, वर्षश्राद्ध होऊन गेलं आणि बाळू शेडगे यंत्रणेत जिवंतच राहिला.

पुढे कधीतरी वडूजचे एक सुभेदार माझ्या केबिनमध्ये आले. सैन्यातून निवृत्त, ताठ, हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसले नाहीत. "मॅडम, माझ्या पोरीची फाईल तुमच्यातल्या कुनी उघाडली, त्येवडंच मला पायजे."

मी खरातांना बोलावलं. सुभेदारांनी सांगितलं ते असं. मुलीला लहानपणी फिट यायची. उपचार आमच्याकडेच झाले. दहावीनंतर एकदाही आली नव्हती, गोळ्याही बंद झाल्या होत्या. साखरपुडा ठरला होता. चार दिवस आधी मुलाकडचे येऊन म्हणाले, तुमच्या पोरीची सांगलीची फाईल आम्ही बघितलीय, आमचा विचार बदलला.

"बघितलीय म्हंजे?" सुभेदार म्हणाले. "ती फाईल तर म्याबी कवा बघितली न्हाई."

खरात खाली गेले आणि थोड्या वेळानं परत आले. फाईल कुणी उघडली ते यंत्रणेत उमटलेलं असतं. त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. "बाळू शेडगेनं उघडली," म्हणाले.

कोणत्या मशीनवरून आणि कोणत्या पाळीत, ते बघितल्यावर शोभाताईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी नाकारलंही नाही. "व्हय, बघितली. माझ्या नणंदेचा पोरगा हाय त्यो. बघायची न्हाई तर काय करायचं? लगीन झाल्यावर कळलं असतं तर त्या पोरीला माघारी धाडली असती. त्यापरास हे बरं न्हवं?"

"मग बाळूच्या नावानं कशाला उघडली?" खरातांनी विचारलं.

शोभाताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझ्या नावानं उघडली असती तर तुमाला कळलं असतं की."

"म्हंजे चूक हाय हे ठाऊक हुतं."

त्यावर त्या रडायला लागल्या. कारवाई मी केली. आधी निलंबन, मग भांडारात बदली, जिथे फक्त कापूस, सुया आणि सलाइन मोजायच्या असतात. सुभेदार आले त्याच दुपारी विश्वस्तांनी मला आणि खरातांना बोलावून सांगितलं, सुभेदारांना एवढंच कळवा की चौकशी चालू आहे, लेखी काही देऊ नका. बाहेर आल्यावर खरात सरळ खालच्या बाकाकडे गेले. तिथे सुभेदार बसून होते. मी मागोमाग गेले, कारण त्यांना थांबवायचं की नाही हे माझं ठरत नव्हतं.

"तुमच्या मुलीची फाईल आमच्या माणसानं उघडली," खरात म्हणाले. "वारलेल्या माणसाच्या नावानं. ते नाव बंद करायचं काम माझं होतं. मी केलं नाही. कुठं तक्रार करायची ते सांगतो, आणि तुम्ही केलीत तर मी हेच सांगेन."

सुभेदारांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "का केलं न्हाई?"

"लोकांना त्याची आठवण हुती. मला मोडवंना."

"साहेब, आमच्यात जवान गेला की त्याची रायफल त्याच दिशी जमा हुती. रडायचं ते मागनं." त्यांनी पिशवी उचलली. "तक्रार करून माझ्या पोरीचं काय व्हनार? समद्या तालुक्याला अजून एकदा कळनार." आणि ते निघून गेले. त्या मुलीचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही. चौकशी करायचा हक्कही आम्हाला राहिला नव्हता.

त्या दिवसानंतर खरात बदलले. कुणाची बदली झाली, कुणी नोकरी सोडली, कुणी वारलं, की त्याच दिवशी नाव बंद. निरोप समारंभाच्या केळी-वेफर्सच्या आधी. लोक त्यांना यमाचा कारकून म्हणायचे. दुसऱ्याची फाईल विनाकारण उघडणाऱ्याला ते समोर बसवून कारण विचारत. काकू आहे, शेजारी आहे, गावचा आहे, ही कारणं चालत नसत. "तुला काळजी असंल तर दवाखान्यात भेटाय जा. नारळपाणी घेऊन जा. फाईल कशाला उघडतूस?" कामावरचे लोक त्यांना टाळू लागले. खासगी माहितीचा नवा कायदा येतोय म्हटल्यावर विश्वस्त त्यांना जरा मान देऊ लागले, तेवढंच.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना ते एका सकाळी माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं. एरवी ते दार लावत नसत.

"मॅडम, माझे अधिकार काढा."

मला वाटलं, राजीनामा देताहेत. तसं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी अमृता साताऱ्याच्या एमआयडीसीत इंजिनियर होती. तिला तिथलंच एक स्थळ आलं होतं, निखिल नावाचा मुलगा. दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं. बैठकीत मुलाची आत्या कौतुकानं बोलून गेली, "आमचा निखिल तुमच्याच साताऱ्याच्या हॉस्पिटलात होता की, कॉलेजला असताना. लय चांगली सेवा." खरातांच्या बायकोनं विचारलं, "काय झालं हुतं?" आत्या म्हणाली, "काय न्हाई, असंच."

"त्या 'असंच'नं आमच्या घरात दोन दिवस जेवण गेलं नाही," खरात म्हणाले. "फाईल माझ्या हाताखाली हाय. नाव टाकलं की समोर येतीय."

"तुम्ही बघणार आहात का?"

"आज न्हाई. उद्याचं सांगता येत न्हाई. मला माझा भरवसा वाटंना झालाय, मॅडम. आन् भरवसा नसंल तिथं कुलूप घालायचं, हेच मी हितं इतकी वर्षं शिकवलं."

त्यांच्या हाताखालचे नदाफ चाळिशीचे, शांत गृहस्थ. त्यांना बोलावून आम्ही खरातांना रुग्णांच्या फायली बंद केल्या. बाकी काम त्यांनी करायचं, फायलींपर्यंत जाणारं काम नदाफांनी. परत उघडायला माझी परवानगी. जाताना खरात म्हणाले, "अमृताचं ठरेपर्यंत मी मागितली तरी देऊ नका. चिडलो तरी नको."

ते चिडले नाहीत. त्यांच्या ऐवजी त्यांची बायको आली. सुनंदावहिनी, ठेंगण्या, स्पष्ट बोलणाऱ्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी बाईमाणूस. तुमाला तरी कळंल. ह्यांनी सगळ्या हॉस्पिटलाची राखण केली, बरं केलं. पण एकच लेकरू हाय आमाला. दोन मिंटाचं काम. नुसतं हाय का न्हाई तेवडं सांगा. काय हाय ते नका सांगू."

"वहिनी, मला बघता येणार नाही."

"येत न्हाई का बघायचं न्हाई?"

"बघायचं नाही."

"तुमाला पोरगी हाय?"

"नाही. दोन मुलगे."

"मग बरोबर हाय," त्या उठत म्हणाल्या. "तुमाला दुसऱ्याच्या घरात लेक धाडायची न्हाई. तुमी नियम पाळा." मागवलेला चहा तसाच ठेवून त्या गेल्या.

त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी फाईल बघितलीही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याच आठवड्यात एकदा खरात माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम—" म्हणाले. मी मान वर करून वाट पाहिली. "काही नाही," म्हणाले आणि वळून गेले. चाल एकदम म्हाताऱ्या माणसाची.

पुढच्या गुरुवारी ते साताऱ्याला गेले आणि संध्याकाळी त्यांनी अमृताला आणि निखिलला स्टँडजवळच्या एका हॉटेलात बोलावलं. दुसऱ्या दिवशी मला त्यांनी सगळं सांगितलं. चहा मागवून ते दोघांना म्हणाले होते, "मी पलीकडच्या टेबलावर बसतो. एकमेकांना जे विचारायचं ते तोंडानं विचारा. मुलगी काय म्हणेल ते मला मान्य."

"मग?"

"मग काय. मी पलीकडं बसलो. तो बराच वेळ बोलत होता. ही खाली बघून ऐकत होती. मधे हिनं काहीतरी विचारलं, त्यानं परत सांगितलं. मला एक शब्द ऐकू आला नाही, एवढा त्या हॉटेलात गोंधळ. मग दोघं हसले. तो गेला. मी अमृताला विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, सगळं सांगितलं त्यानं, मला चालतंय. मी विचारलं, पण काय हुतं त्याला?"

इथे त्यांनी समोरचा चहा उचलला.

"तर माझ्याकडं बघून म्हणाली, बाबा, हे कुणाला लागतंय?"

मी हसले. ते हसले नाहीत. चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "लय वर्षं शिकवलं मी ह्या हॉस्पिटलाला. शिकली ती एकटीच."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"बोलत न्हाई माझ्याशी. लगनापर्यंत बोलंल." त्यांनी चहा संपवला. त्यांचा रिकामा कप मी पहिल्यांदाच पाहिला.

लग्नाला मी गेले होते. साधं लग्न, वेळेवर लागलं. आमचे सर्जनही आले होते. त्यांनी आधी मला फोन करून ही पत्रिका खरी आहे ना, याची खात्री करून घेतली होती. सुनंदावहिनी माझ्याशी चांगल्या बोलल्या, जेवायला आग्रह केला, पण डोळे सारखे जावयाच्या मागे. तो पायऱ्या चढला, त्याला धाप लागते का. तो जेवला, त्यानं पानात काय ठेवलं. खरात मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते मंडपाच्या टोकाला उभे राहून वाढप्यांना सूचना देत होते.

लग्नानंतर मी त्यांना म्हटलं, "आता ठरलं, झालं. अधिकार परत घ्या."

"आता तर जावई झालाय, मॅडम," ते म्हणाले. "आता धोका जास्त." आणि निवृत्तीपर्यंत त्या फायली त्यांना बंदच राहिल्या.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं, सगळं झालं. भाषणांत डीननी त्यांना हॉस्पिटलचा पहारेकरी म्हटलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्यांना टाळणारे सगळे होते. भांडारातल्या शोभाताई मागे उभ्या होत्या. वेफर्सच्या बशा फिरायला लागल्या तसे खरात उठून नदाफांच्या टेबलाशी गेले. "आधी नाव काढा."

नदाफांचा हात चालेना. "सर, उद्या सकाळी काढतो की. आज कशाला?"

"नदाफ," खरात म्हणाले, "रायफल."

सुभेदारांची गोष्ट त्या विभागात सगळ्यांना माहीत होती. नदाफांनी बटण दाबलं. यादीतलं संपत खरात हे नाव काळ्याचं करडं झालं. खरातांनी वाकून बघितलं, मान हलवली आणि निघाले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गळ्यातून काढलेलं ओळखपत्र.

जिन्याच्या आधी सर्व्हरची खोली लागते. सांगली आणि सातारा, दोन्हीकडच्या सगळ्या फायली तिथल्या कपाटांत आहेत. दार ओळखपत्र लावल्यावर उघडतं. खरात तिथे थांबले. त्यांनी कार्ड लावलं. लाल दिवा लागला.

"बरोबर," ते म्हणाले.

मग त्यांनी नारळ काखेत धरला, कार्ड शालीला पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा लाल. नंतर कार्ड माझ्या हातात दिलं आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेले.

पहिल्यांदा लावलं ते कुलूप तपासायला. दुसऱ्यांदा कशाला, ते मी विचारलं नाही.